सुरुवातीची दोन मिनिटं

सरांनी फळ्यावर लिहिलं :
सामाजिक वास्तववाद. फक्त सुरुवात. दोन मिनिटं. वीस गुण.
खडूची बोटं विजारीला पुसत म्हणाले,
"माणूस शोधा. नट नको."

माणूस धैर्यशीलला सापडला,
म्हणजे त्याच्या मावशीच्या दुकानात
चपला जिथून येतात, त्या घरात. सुभाषनगर.
सोनाक्का. चामड्याची वेणी घालतात.
जोडामागे काय मिळतं ते विचारून
मी वहीत आकडा लिहिला
आणि खाली दोनदा रेघ मारली,
जणू तो मला सापडला होता.

कॅमेरा धैर्याच्या काकाचा, लग्नं काढायचा.
पिशवीच्या तळाशी अजून अक्षता.
माईक नौशादनं झाडूच्या काठीला बांधलेला.

पहिला शॉट ठरलेला.
पहाटे पाच चाळीस. आत काळोख, बाहेर निळं.
दार उघडतं, बाई नळावर जाते.
संवाद नाही. संगीत तर नाहीच नाही.
कागदावर माझ्याच अक्षरात :
चेहऱ्यावर वर्षानुवर्षांचा थकवा.

दार उघडलं.
सोनाक्का जांभळ्या साडीत.
कोरी. घड्यांच्या रेघा आडव्या-उभ्या,
केसांत अबोली, गळ्यापर्यंत पावडर.

मी म्हणाले, "अक्का, रोजची साडी..."
"धुण्यात हाय."
"मग कालची? काठ विरलेली?"

अक्का उंबऱ्यावर बसल्या.
"काल तुम्ही बघायला आलता.
आज कॅमेरा आलाय.
लेकीच्या लग्नात फोटूवाल्यानं मला दोनदा धरलं,
दोन्ही येळा वाढताना, दोन्ही येळा पाठमोरी.
आता तोंडाकडनं काढालाय,
आन् मी विटकं नेसू व्हय?"

तो फोटोवाला कोण,
हे विचारायचं धैर्य धैर्याला झालं नाही.

निळा उजेड पंधरा मिनिटं टिकतो.
त्यातली सात आम्ही गप्प उभे होतो.
मग नौशाद काठी वर धरत म्हणाला,
"घे की भावा."

नळाला पाणी नव्हतं.
शेजारच्या खिडकीतून आवाज,
"सोनाक्का, सकाळ सकाळ कुठलं लगीन?"
"शूटिंग हाय माझं!"
अक्का कॅमेऱ्यात बघून हसल्या.
सांगितलेलं एकही झालं नाही.

मग त्या कामाला बसल्या, कारण उजाडलं होतं
आणि दुपारपर्यंत सहा जोड द्यायचे होते.
आधी एक पोतं घेतलं,
मांडीवर पसरलं,
पदर गोळा करून कमरेला खोचला,
जांभळ्याला डाग लागू नये म्हणून.
ओली वादी दातात धरली,
आणि मग आम्ही नव्हतोच तिथे.
नौशादच्या कानात नुसतं
चामडं चामड्यातून ओढल्याचा आवाज,
बारीक, कुरकुरणारा,
बंद कपाटात कुणी कूस बदलावी तसा.

वर्गात दिवे लागल्यावर सर म्हणाले,
"साडी खटकते. वास्तव वाटत नाही."
अकरा गुण.
मला पोत्याबद्दल बोलायचं होतं.
नाव पुकारलं गेलं पुढच्या गटाचं.

रविवारी अक्कांना मोबाईलवर दाखवलं.
त्यांनी चष्मा लावला, काढला, पदरानं पुसून पुन्हा लावला.
साडीबद्दल काही नाही. चेहऱ्याबद्दल काही नाही.
शेवटाकडे म्हणाल्या,
"थांब. मागं घे. आणि मागं."
बोट काचेवर टेकलं.
"हितं पेड चुकलाय बघ.
तुमच्या नादात."

धैर्यानं दुकानात फोन केला.
तो जोड गुरुवारीच गेला होता.
नंबर आठ. गिऱ्हाईक कुठलं, मावशीला आठवेना.

तेव्हापासून गर्दीत करकर ऐकली
की माझी नजर खाली जाते,
आधी डाव्या पायाकडे.